तांबडा दिवा काय सांगतो?

घरांत जुनी मोटार बाळगणें ही आतां एक हौस होऊन बसली आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत तयार होणारी फियाट पुढें ‘पद्मिनी’ या नांवानें घरोघर ओळखीची झाली. मुंबईंतील तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून गेली, तरी वडिलांची म्हणून जपलेली एखादी गाडी पुण्या-नाशकाकडे अद्याप दृष्टीस पडते. अशा गाडीच्या रंगावर व गाद्यांवर मालक सढळ हातानें खर्च करतात. विजेच्या तारांकडे मात्र कोणी पाहत नाहीं. मग बॅटरी ‘बसते’, नवी येते, आणि चार महिन्यांनीं तीहि बसते. दोष पुष्कळदां बॅटरीचा नसतोच.

बॅटरी ही वीज सांठविणारी कोठी होय. कोठी भरणारा निराळाच, आणि तो पट्ट्याच्या योगानें एंजिनाबरोबर फिरत असतो. जुन्या गाड्यांत हें काम डायनामो करी. त्याचा अवगुण असा कीं, गाडी चौकांत थांबून एंजिन मंदावलें म्हणजे त्याची कमाई जवळजवळ शून्यावर येई आणि दिव्यांचा सगळा खर्च कोठींतून होई. शिवाय निर्माण झालेला सर्व प्रवाह फिरत्या भागांतून ब्रशांच्या द्वारें बाहेर काढावा लागे. इंग्रजी गाड्यांत सर्रास दिसणारा लुकास कंपनीचा सी-४० डायनामो फार तर २२ अँपिअर देई.

आल्टर्नेटरनें ही मांडणीच उलटी केली. येथें चुंबक फिरतो आणि ज्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते तीं स्थिर राहतात. ब्रशांतून जातो तो केवळ चुंबकाला लागणारा दोन-चार अँपिअर प्रवाह. उत्पन्न होणारी वीज मात्र आळीपाळीनें दिशा बदलते. (संस्कृतांतील ‘पर्यायेण’ या पदाचा अर्थ हाच; यंत्राचें इंग्रजी नांवहि त्यावरूनच पडलें आहे.) अशी वीज बॅटरीला चालत नाहीं, म्हणून मध्यें सहा डायोड बसवितात. डायोड म्हणजे एकाच बाजूनें उघडणारी झडप. तिच्यामुळें बॅटरींतली वीज उलट परत येऊं शकत नाहीं, आणि डायनामोला लागणारी ‘कट्-आउट’ची पेटी निरुपयोगी ठरते. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाल्यावरच हें साधलें. अमेरिकेंत क्रायस्लरनें १९६० च्या व्हॅलियंट गाडींत आल्टर्नेटर दिला. इंग्लंडांत एम्‌जीबी गाडीला तो १९६७ च्या अखेरीस मिळाला.

आतां तारा पाहूं. एक जाड तार आल्टर्नेटरपासून बॅटरीच्या धन टोकाकडे जाते. सगळी कमाई हिच्यांतून वाहते. परतीची वाट गाडीच्या सांगाड्यांतून. आणि तिसरी एक बारीक तार किल्लीपासून निघून समोरच्या फळीवरील तांबड्या दिव्यांतून आल्टर्नेटरकडे येते. हिच्याविषयींच बहुतेकांचा गैरसमज आहे. हा दिवा केवळ धोका सुचविणारा आहे असें लोक समजतात. वस्तुतः तो कामकरी आहे. डायनामोच्या लोखंडांत थोडें चुंबकत्व मुरून राहिलेलें असतें. आल्टर्नेटरच्या चुंबकांत तें इतकें अल्प असतें कीं मंद चालीवर त्याचा उपयोग होत नाहीं. दूध कितीहि चांगलें असलें तरी विरजणावांचून दहीं लागत नाहीं, तसेंच हें. किल्ली फिरवितांच दिव्यांतून जो किंचित् प्रवाह चुंबकाच्या वेटोळ्यांत जातो, तेंच हें विरजण. एकदां वीज उत्पन्न होऊं लागली कीं चुंबक आपल्याच कमाईवर पोसला जातो, दिव्याच्या दोन्ही टोकांशीं दाब सारखा होतो आणि दिवा विझतो.

यावरून एक विचित्र गोष्ट निष्पन्न होते: तो क्षुद्र दिवा जळाला तर बॅटरी भरणें थांबतें. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आपल्या फियाटींत आल्टर्नेटर बसवून घेतला होता. पुढें शोभेसाठीं म्हणून तांबड्या दिव्याच्या जागीं एलईडी घातला गेला. एलईडी इतका अल्पाहारी कीं विरजणापुरताहि प्रवाह त्यांतून जाईना. लांबच्या प्रवासांत एंजिन जोरानें फिरे तेव्हां आल्टर्नेटर कसाबसा जागा होई. गांवांत मात्र झोपलेलाच. दोन बॅटऱ्यांचे पैसे गेल्यावर दोन-तीन वॅटचा साधा दिवा परत लावला, आणि दुखणें गेलें.

डायनामो काढून आल्टर्नेटर बसवितांना याहून गंभीर गोष्टी संभवतात. नव्या यंत्राची शक्ति ३५-४५ अँपिअर असेल, तर २२ अँपिअरसाठीं घातलेली जुनी तार व जुना अँमीटर तापतात. तीस-चाळीस वर्षांचें वेष्टन तडकलेलें असलें तर आग लागण्यास आणखी काय हवें? जाड तारेंत किल्ली बंद असतांनाहि वीज असते, म्हणून हात लावण्यापूर्वीं बॅटरी सोडवावी. कित्येक जुन्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीचें धन टोक सांगाड्याला जोडलेलें असे. तेथें टोकांची अदलाबदल न करतां नेहमींचा आल्टर्नेटर जोडला तर डायोड क्षणांत जळतात. तसेंच, एंजिन चालूं असतां बॅटरीची तार काढून पाहण्याची जी युक्ति जुने मिस्त्री डायनामोवर करीत, ती येथें प्राणघातक आहे. दाब एकदम चढतो आणि डायोड व रेग्युलेटर दोन्ही जाण्याचा संभव असतो.

परीक्षा सोपी आहे. किल्ली फिरवून एंजिन सुरू न करतां पाहावें. दिवा लागलाच पाहिजे. न लागल्यास दिवा, त्याची तार अथवा झिजलेले ब्रश तपासावे. एंजिन चालूं असतांहि लागून राहिला तर आधीं पट्टा पाहावा. मंद मिणमिणला तर डायोडावर किंवा जाड तारेच्या सैल सांध्यावर संशय घ्यावा. मग बॅटरीच्या दोन टोकांना व्होल्टमीटर लावावा: विश्रांतींत भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते, एंजिन थोडें जोरांत असतां १३.८ ते १४.४ दिसावे. तितके न दिसल्यास नव्या बॅटरीच्या दुकानाकडे वळण्यापूर्वीं एंजिन व सांगाडा यांना जोडणारी पट्टी सोडवून, तिच्या दोन्ही टोकांचा गंज पॉलिश-कागदानें घासून पुन्हां आंवळावी.