माला-डी की माला-एन?

पतीच्या बदलीमुळे जयपूरच्या गोपालपुरा भागात राहायला गेलेली मराठी गृहिणी दूधवाला, शाळा, किराणा हे सगळे शेजारणीला विचारून घेते. 'माला-डी'चे पाकीट संपले, हे मात्र नव्या गावात चटकन विचारवत नाही. त्यातच सरकारी दवाखान्यातून 'माला-एन' हाती आले, की मनात शंका येते. ही गोळी वेगळी तर नाही? फुकट मिळते, म्हणजे हलकी तर नसेल?

तसे मुळीच नाही. दोन्हींत तीच दोन संप्रेरके त्याच प्रमाणात असतात : लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल एस्ट्राडिओल ०.०३ मिलिग्रॅम. दोन्ही पाकिटांत २८ गोळ्या. २१ पांढऱ्या संप्रेरकांच्या, ७ गडद रंगाच्या लोहाच्या. फरक फक्त वाटपाचा. 'डी' औषधाच्या दुकानात अल्प किमतीत विकतात, 'एन' सरकारी केंद्रांत मोफत मिळते. २०११ साली सुरू झालेल्या योजनेत आशाताई ती पाकिटामागे एक रुपया घेऊन घरपोच देऊ लागल्या. पण फुकटच्या वस्तूवर आपला विश्वास बसत नाही, त्याला काय करणार!

धोका आहे तो या शंकेत दिवस घालवण्यात. लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात शरीराला संप्रेरके मिळतच नाहीत. त्यापुढे दोन-चार दिवस आणखी गेले, तर स्त्रीबीज बाहेर पडून गर्भ राहू शकतो. म्हणून शेवटच्या लोहाच्या गोळीच्या दुसऱ्याच दिवशी नवे पाकीट सुरू करावे, मग ते 'डी' असो वा 'एन'. दोन्ही एकदम मात्र घेऊ नयेत.

एखादी पांढरी गोळी विसरली, तर आठवताच घ्यावी व पुढची नेहमीच्या वेळी. लागोपाठ दोन किंवा अधिक चुकल्या, तर रोजची गोळी चालू ठेवून सात दिवस निरोधही वापरावा आणि डॉक्टरांना विचारावे.

एक गोळी सोसत नाही म्हणून दुसरी घेण्यात अर्थ नाही. सुरुवातीची मळमळ बहुधा दोन-तीन महिन्यांत कमी होते. उच्च रक्तदाब, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा विकार, स्तनाचा कर्करोग, डोळ्यांपुढे चमकून होणारी अर्धशिशी, पस्तिशीनंतर धूम्रपान किंवा अंगावर पिणारे सहा महिन्यांच्या आतील बाळ असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्हींपैकी एकही सुरू करू नये. क्षयासाठी रिफाम्पिसिन चालू असल्यास या गोळ्यांचा प्रभाव कमी होतो, तेही डॉक्टरांना सांगावे.