मूल शहाणं आहे, मग लक्झरी क्रूझवर न्यायला काय हरकत? तिकीट काढण्याआधी हे वाचा

"आमची मुलं अजिबात त्रास देत नाहीत हो! हॉटेलात गेलो तरी जागेवरून हलत नाहीत." असं सांगणारे आईबाबा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे असतात. कदाचित तुम्हीच त्यातले असाल. मग साहजिकच वाटतं, की अशा मुलांना घेऊन एखादी झकास लक्झरी क्रूझ करायला काय हरकत आहे?

हरकत काहीच नाही. पण मूल शहाणं असणं एवढ्यावर भागत नाही. चला, समजून घेऊया.

आधी बघा, जहाजावर मुलांना घेतात का?

काही कंपन्यांच्या दारावर मुलांना सरळ 'नो एन्ट्री' असते. वायकिंग आणि व्हर्जिन व्हॉयेजेस या कंपन्या १८ वर्षांखालच्या कुणालाही घेत नाहीत. ब्रिटनच्या पी अँड ओ कंपनीची 'आर्केडिया' आणि 'अरोरा' ही जहाजंसुद्धा फक्त मोठ्यांसाठी आहेत. तिथे तुमचं मूल कितीही गुणी असलं, तरी उपयोग नाही.

जिथे मुलं चालतात, तिथेही वयाची अट असते. बहुतेक मोठ्या कंपन्यांमध्ये बाळ किमान ६ महिन्यांचं हवं. अटलांटिक ओलांडण्यासारख्या लांबच्या सफरींना ही अट बहुधा १२ महिन्यांची असते. कारण साधं आहे. जहाजावर डॉक्टर असतो, दवाखानाही असतो, पण तान्ह्या बाळासाठी लागणारा अतिदक्षता विभाग नसतो, आणि किनारा कित्येक दिवसांवर असतो.

'चालतात' आणि 'त्यांच्यासाठी सोय आहे' यात फरक आहे

छोट्या, अतिमहागड्या जहाजांवर मुलांना परवानगी असते, पण अनेकदा त्यांच्यासाठी वेगळी जागाच नसते. दोन-दोन तास चालणारं जेवण, शांत लाउंज, व्याख्यानं, वाइन टेस्टिंग. आठ वर्षांचं मूल पहिल्या दिवशी छान बसेल, दुसऱ्या दिवशीही बसेल. पाचव्या दिवशी मात्र ते बसलेलं नसतं, सहन करत असतं.

याउलट क्युनार्डचं 'क्वीन मेरी २' बघा. साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क हा प्रवास साधारण ७ रात्रींचा, मध्ये एकही बंदर नाही. गाला इव्हिनिंगला मंडळी सुटाबुटात, बो लावून जेवायला येतात. वातावरण एकदम भारदस्त! तरीही तिथे मुलांसाठी खेळण्याची जागा आहे आणि लहानग्यांसाठी नर्सरी आहे. म्हणजे मुलाला दिवसभर 'शहाणं' राहावं लागत नाही. एक्सप्लोरा जर्नीज या नव्या लक्झरी कंपनीनेही मुलांसाठी वेगळा क्लब ठेवलाय.

म्हणून बुकिंग करताना "मुलं चालतात का?" एवढंच विचारू नका. "आमच्या तारखांना मुलांचा क्लब चालू असेल का, आणि कोणत्या वयासाठी?" हेही विचारा. काही जहाजांवर तो फक्त शाळांच्या सुट्ट्यांमध्येच चालतो.

शहाण्या मुलांचा खरा धोका

मूल समजूतदार असलं की आपण निर्धास्त होतो. नेमकं इथेच चुकतं.

पोहण्याचा तलाव : अनेक जहाजांवर जीवरक्षक नसतो. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही, बऱ्याचदा ते आवाज न करताच पाण्याखाली जातं. त्यामुळे तलावाजवळ मोबाइल खिशात आणि नजर मुलावर. नॅपीतल्या बाळांना तर सहसा तलावात उतरूच देत नाहीत.

बाल्कनी : कठड्याजवळ खुर्ची किंवा टेबल ठेवू नका. मूल एकटं असताना बाल्कनीचं दार बंदच हवं.

बोट लागणं : २ ते १२ वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो. गुणी मूल "आई, मळमळतंय" असं पटकन म्हणत नाही, नुसतं गप्प होतं. जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची केबिन घ्या, तिथे हेलकावे कमी जाणवतात. औषध मात्र डॉक्टरांना विचारूनच द्या.

सुरक्षेची कवायत : जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' जहाजाला अपघात होऊन ३२ जण गेले. नव्याने चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती. त्यानंतर नियम बदलले. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर ती घ्यावीच लागते. ती टाळू नका. मुलाला आपलं जमण्याचं ठिकाण तोंडपाठ करायला लावा आणि त्याच्या मापाचं लाइफ जॅकेट मागून घ्या.

पहिली सफर छोटी ठेवा

एकदम सात-दहा रात्रींची उडी मारण्यापेक्षा मुंबईहून गोव्याला जाणारी दोन-तीन रात्रींची सफर करून बघा. मुलाला समुद्र मानवतो का, ते कळेल. आई किंवा बाबा एकटेच मुलाला घेऊन परदेशी जात असतील, तर दुसऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र जवळ ठेवा. ऐनवेळी बंदरावर ते मागितलं जाऊ शकतं.

शेवटी, सुट्टी मुलाचीही असते. "तुमचं मूल किती शांत आहे!" असं शेजारच्या टेबलावरून ऐकायला छानच वाटतं. पण घरी परतल्यावर त्याने "पुन्हा कधी जायचं?" असं विचारलं, तरच पैसे वसूल झाले म्हणायचे. नाही का?