जादूचा प्रयोग ठरवताय? आधी प्रेक्षक कुठे बसणार ते पाहा

जादूगार चांगला असूनही कार्यक्रम फसतो, तो अनेकदा जागा आणि प्रयोग यांचा मेळ न बसल्याने. कुठे काय निवडाल?

मुलांचा वाढदिवस : मुलांनाच पुढे बोलावणारे दोरी-रुमालाचे प्रयोग. अर्धा-पाऊण तास पुरे.

लग्नाचं रिसेप्शन : पाहुणे फिरते असतात. त्यांच्या टेबलाजवळ पत्ते-नाण्यांची हातचलाखी रंगते. स्टेजवर केली तर दहाव्या रांगेला दिसतच नाही.

गणेशोत्सव : पेटीतून माणूस गायब करण्यासारखे मोठे प्रयोग समोरूनच पाहायचे असतात. तिन्ही बाजूंनी गर्दी असेल, तर गुपित फुटतं.

कंपनीचा कार्यक्रम : मनातलं ओळखण्याचे प्रयोग. सामान कमी, पण माइक चांगला हवा.

आगाऊ रक्कम देण्यापूर्वी जादूगाराला जागेचा फोटो जरूर पाठवा.