वही एक, माल अनेक : 'स्टार वॉर्स'च्या मालिकांचा धडा

१९७७ सालच्या नाताळात अमेरिकेतील खेळण्यांच्या दुकानांतून एक अजब वस्तू विकली जात होती. पुठ्ठ्याचे पाकीट, त्यावर रंगीत चित्रे, पण आत खेळणे मुळीच नाही. त्यात होते एक प्रमाणपत्र. ते भरून पाठवायचे आणि पुढील वर्षी टपालाने चार बाहुल्या घरी येतील याची वाट पाहायची. 'स्टार वॉर्स' हा चित्रपट त्या वर्षी २५ मे रोजी लागला होता. तो इतका चालेल याचा अंदाज बाजाराला नव्हता आणि सिनसिनाटी शहरातील केनर या खेळणी कंपनीजवळ नाताळापर्यंत माल तयार झाला नव्हता. तरीही आईबापांनी त्या पाकिटाचे पैसे मोजले. १९७८ मध्ये माल बाजारात आला आणि त्या एका वर्षात केनरने चार कोटींहून अधिक नग विकले.

रिकाम्या पाकिटाला पैसे मिळतात ते भरवशाचे. हा भरवसा कसा कमावला, कसा गमावला आणि पुन्हा कसा मिळवला गेला, याची हकिकत आपल्यासारख्या दुकानदार आणि कारागीर मंडळींनी ऐकण्यासारखी आहे. चित्रपट पाहिला नसला तरी काही बिघडत नाही. मुद्दा धंद्याचा आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. दूरच्या ताऱ्यांवरचे जग. तिथे एक जुलमी साम्राज्य आणि त्याविरुद्ध उठलेले बंडखोर. जेडाय नावाचे तलवारबहाद्दर, ज्यांच्या अंगी एक गूढ शक्ती. एवढ्या भांडवलावर जॉर्ज लुकास यांनी चित्रपट काढला. काढताना त्यांनी एक व्यवहार केला, तो व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. फॉक्स कंपनीकडून जास्त मेहनताना मागण्याऐवजी त्यांनी मालविक्रीचे आणि पुढील चित्रपटांचे हक्क आपल्याकडे ठेवले. त्या काळी त्या हक्कांना कोणी फारसे मोल देत नव्हते. पुढे २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये डिस्ने कंपनीने लुकास यांची संपूर्ण पेढी विकत घेण्याचे जाहीर केले तेव्हा किंमत ठरली सुमारे ४०५ कोटी डॉलर.

पहिलाच माल परत

दूरचित्रवाणीवर या नावाचा पहिला मोठा कार्यक्रम १७ नोव्हेंबर १९७८ रोजी सीबीएस वाहिनीने दाखवला. सणासुदीचा दोन तासांचा कार्यक्रम. त्यात चित्रपटातील नामांकित नट होते, गाणी होती, विनोदी नकला होत्या. सुरुवातीला बराच वेळ केसाळ वूकी कुटुंब आपल्याच भाषेत गुरगुरत राहते आणि काय चालले आहे ते प्रेक्षकाला अंदाजानेच समजून घ्यावे लागते. कार्यक्रम एकदाच दाखवला गेला. लुकास यांनी त्यापासून हात झटकले आणि संपूर्ण कार्यक्रम कंपनीने नंतर कधीच विक्रीस काढला नाही.

येथे एक बारकावा आहे. त्या कार्यक्रमाने कथेचा हिशेब फारसा बिघडवला नव्हता. माणसे तीच, जग तेच. बिघडला होता तो सूर. युद्धाची आणि साहसाची गोष्ट म्हणून ज्याने माल घेतला, त्याच्या हाती करमणुकीचा जत्रेतला तंबू दिला गेला. उलट त्यातील एका छोट्या कार्टून तुकड्यात बोबा फेट नावाचा शिकारी पहिल्यांदा दूरचित्रवाणीवर दिसला आणि तो पुढे चाळीस वर्षे चालला. तेव्हा मालाची पारख दोन तराजूंवर होते. एक मेळाचा, म्हणजे आधी सांगितलेल्याशी आताचे जुळते की नाही. दुसरा सुराचा, म्हणजे ज्या चवीसाठी गिऱ्हाईक आले ती चव मिळते की नाही.

खतावणी आणि कारागीर

पुढील वर्षांत कादंबऱ्या, चित्रकथा, खेळ असा माल वाढत गेला. १९९१ मध्ये टिमथी झान यांची कादंबरी आली आणि पुस्तकांचा बाजार पुन्हा तेजीत आला. शंभर हातांनी माल विणायचा म्हटल्यावर कोणाचा धागा कोठे जातो याची नोंद हवीच. म्हणून २००० साली कंपनीने लेलँड ची यांना नेमले आणि संगणकावर एक मोठी खतावणी सुरू झाली. कोणते पात्र कोठे जन्मले, कोणते युद्ध कधी झाले, हे सगळे तिच्यात. मालाची प्रतही ठरली. लुकास यांचे चित्रपट पहिल्या प्रतीचे, त्याखाली दूरचित्रवाणी मालिका, त्याखाली पुस्तके आणि चित्रकथा. दोन नोंदी भिडल्या तर वरची खरी.

व्यवस्था चोख होती, पण तिचा भार पडला खालच्या कारागिरावर. कॅरेन ट्रॅव्हिस या लेखिकेने मँडलोर नावाच्या लढवय्या जमातीची भाषा, रीतिरिवाज, कुटुंबपद्धती मोठ्या कष्टाने आपल्या कादंबऱ्यांत उभी केली होती. 'क्लोन वॉर्स' ही कार्टून मालिका २००८ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात त्याच मँडलोरचे राज्य शांतताप्रिय दाखवायचे ठरले. मालिकेची प्रत वरची. ट्रॅव्हिस यांनी २००९ मध्ये स्टार वॉर्ससाठी लिहिणे थांबवले. मालकाला आपला माल बदलण्याचा हक्क आहे यात शंका नाही. परंतु ज्या हाताने नक्षी काढली त्याला आधी विश्वासात घेतले नाही तर तो हात दुसरीकडे जातो आणि त्याच्या मागे त्याचे गिऱ्हाईकही जाते.

डिस्नेकडे मालकी गेल्यावर २५ एप्रिल २०१४ रोजी त्याहून मोठा निर्णय झाला. सहा चित्रपट आणि 'क्लोन वॉर्स' मालिका एवढेच खरे, बाकी सारी जुनी पुस्तके 'लेजेंड्स', म्हणजे दंतकथा. वीस वर्षे ज्यांनी पुस्तके जमवली त्यांना आपला साठा एका रात्रीत बाद झाल्यासारखे वाटले. कंपनीची अडचणही खरी होती. नवे चित्रपट काढायचे तर एवढ्या जुन्या नोंदी सांभाळून पाऊल टाकणे अशक्य होते. तिने जुना माल जाळला नाही, वेगळ्या शिक्क्याने विकत राहिली. आणि त्या साठ्यातला उत्तम नग पुन्हा बाहेर काढला. झान यांनी घडवलेला सेनापती थ्रॉन २०१६ मध्ये 'रेबेल्स' मालिकेत आला आणि २०१७ मध्ये त्याच्यावरची नवी कादंबरी खुद्द झान यांच्याकडूनच लिहून घेतली गेली. जुन्या कारागिराला पुन्हा बोलावण्याची ही रीत चांगली.

चुकीची नोंद कशी दुरुस्त करावी

१२ नोव्हेंबर २०१९ रोजी 'द मँडलोरियन' ही मालिका आली. तिच्यातील नायक कोणासमोर शिरस्त्राण काढत नाही, तो त्याचा नेम. त्याचे चिलखत घडवणारी लोहारीण भट्टीपुढे उभी राहून मोलाचे पोलाद वितळवते, ती दृश्ये कोणाही कारागिराने पाहावीत. पण जुन्या प्रेक्षकांनी हरकत घेतली. 'क्लोन वॉर्स'मध्ये तर हेच लोक खुशाल शिरस्त्राण काढत होते! नोव्हेंबर २०२० मध्ये दुसऱ्या पर्वात उत्तर आले. तीन मँडलोरियन भेटतात, सहज शिरस्त्राण काढतात आणि नायकाला सांगतात की तू एका कडव्या पंथात वाढला आहेस, सगळे तसे नाहीत. वहीतील खाडाखोड न करता दोन्ही नोंदी खऱ्या ठरल्या आणि नायकाच्या मनात पेचही निर्माण झाला. चुकीतून नफा काढणे म्हणतात ते हेच.

सगळीकडे असे जमले नाही. 'द बॅड बॅच' ही कार्टून मालिका मे २०२१ मध्ये सुरू झाली. तिच्या पहिल्याच भागात एका बालशिष्याच्या गुरूचा वध होतो. हाच प्रसंग २०१५ च्या चित्रकथेत रात्री, शेकोटीजवळ घडला होता. येथे तो दिवसा, बर्फात घडतो. दोन्ही माल एकाच मालकाचे, दोन्हींवर 'खरे' असा शिक्का. ज्याने पदरचे पैसे देऊन चित्रकथा घेतली त्याने काय समजावे?

दुसरी चूक मांडणीची. २०२० च्या अखेरीस मँडलोरियन नायक आणि त्याने सांभाळलेले लहानगे बाळ यांची ताटातूट झाली. त्यांची पुन्हा भेट कोठे झाली? तर २०२१-२२ च्या 'द बुक ऑफ बोबा फेट' या दुसऱ्याच मालिकेत. त्या मालिकेचे एकूण सात भाग, आणि त्यातील पाचवा व सहावा बहुतांश या पाहुण्यानेच व्यापले. मार्च २०२३ मध्ये 'द मँडलोरियन'चे तिसरे पर्व सुरू झाले तेव्हा मधली मालिका न पाहिलेला प्रेक्षक बुचकळ्यात पडला. बोबा फेटच्या नावाने आलेल्या गिऱ्हाइकाला तो पुरेसा मिळाला नाही. हिशेब जुळला, पण दोन्ही दुकानांचे गिऱ्हाईक नाराज.

त्या बाळाची हकिकत तर १९७७ ची आठवण करून देणारी. गुपित राखण्यासाठी कंपनीने खेळणी आगाऊ बनवली नव्हती. पहिला भाग दिसताच जगभर मागणी उठली आणि २०१९ च्या नाताळात बाजारात बाहुल्या नव्हत्या. लोकांनी आगाऊ पैसे भरून २०२० ची वाट पाहिली. बेचाळीस वर्षांनी पुन्हा रिकामे पाकीट विकले गेले. कथेचा मान राखण्यासाठी हाती आलेला हंगाम सोडला, आणि भरवसा वाढला.

विणकरांचे गाव

सर्वांत बोलका दाखला 'अँडॉर' मालिकेचा. टोनी गिलरॉय यांच्या देखरेखीखाली तिचे बारा भाग २०२२ मध्ये आणि बारा २०२५ मध्ये आले. या मालिकेचा सूर बाकी सर्वांहून निराळा. जेडायची चकाकती तलवार नाही, गमतीदार बाळ नाही. आहेत ती कामकरी माणसे. फेरिक्स गावात एका भिंतीवर सगळ्या कामगारांचे हातमोजे टांगलेले असतात, ज्याचे त्याने उचलावेत. दिवसाचा आरंभ आणि शेवट एक माणूस मनोऱ्यावर चढून ऐरणीवर घण मारून जाहीर करतो. माणूस मेला की त्याच्या राखेची वीट करून गावाच्या भिंतीत बसवतात.

दुसऱ्या पर्वात येते गोरमन. हे कापडाचे गाव. कोळ्यांच्या रेशमावर चाललेला धंदा, दूरवर नाव असलेले कापड, नामांकित घराणी. साम्राज्याला मात्र कापड नको, जमिनीखालचे खनिज हवे. म्हणून आधी या लोकांची बदनामी केली जाते. ते गर्विष्ठ आहेत, स्वतःला वेगळे समजतात, अशा बातम्या पेरल्या जातात. मग निर्बंध, मग चौकात गोळीबार. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या माग चालवला त्यांचीच गाणी त्या चौकात ऐकू येतात आणि नंतर शांतता. हे पाहताना अवकाशयाने विसरली जातात.

आणि इतका वेगळा सूर असूनही वही कोठे फाटत नाही, हे विशेष. गोरमनच्या कत्तलीचा उल्लेख जुन्या, बाद ठरलेल्या साहित्यात होता. त्यात टार्किन नावाचा अधिकारी निदर्शकांवर जहाज उतरवतो. २०१७ च्या 'रेबेल्स'मध्ये वेगळा संदर्भ होता, त्या कत्तलीचा निषेध करून मॉन मॉथमा ही सभासद राजधानीतून पळते आणि गोल्ड स्क्वॉड्रन तिला घेऊन जाते. 'अँडॉर'ने दोन्ही सांभाळले. टार्किनची घटना आधीच्या काळात घडलेली, तिचे स्मारक त्याच चौकात उभे. नवी कत्तल निराळी. आणि मॉथमाला राजधानीतून बाहेर काढतो अँडॉर, पुढचा टप्पा मात्र गोल्ड स्क्वॉड्रनकडे. तिसऱ्याच कारागिराने दोन जुने तुकडे जोडले आणि शिवण दिसत नाही.

याउलट जून-जुलै २०२४ मधील 'द अ‍ॅकोलाइट' मालिका आठ भागांत संपली आणि ऑगस्टमध्ये पुढील पर्व होणार नसल्याचे कळले. तिच्यात एक जुना जेडाय दिसला तेव्हा त्याच्या जन्मसालावरून मोठा गदारोळ झाला. गंमत अशी की ते जन्मसाल २०१४ मध्ये बाद ठरलेल्या साहित्यातले. मालकाने नोंद रद्द केली तरी गिऱ्हाइकाच्या मनातली वही आपोआप रद्द होत नाही, हे यातून दिसले. तिच्यावरचे सारेच आक्षेप रास्त नव्हते, पण मालिका परत मिळाली नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये आलेली 'स्केलेटन क्रू' मुलांसाठी होती आणि तसे तिने पहिल्याच भागात दाखवून दिले. तिला त्या सुराबद्दल कोणी दोष दिला नाही.

आपल्या गल्ल्याशी

एकाच दुकानात लग्नाचा शालू आणि रोजची लुंगी दोन्ही विकता येतात. रंग वेगळा, पोत वेगळा, भाव वेगळा. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, कारण काय घेतो आहोत ते त्याला ठाऊक असते. तक्रार होते ती गज आखूड निघाला तर, किंवा शालूच्या घडीत लुंगीचे कापड निघाले तर. 'स्टार वॉर्स'च्या मालिकांनी हेच दोन गुन्हे केले तेव्हा मार खाल्ला. दोन्ही टाळले तेव्हा अगदी अनोळखी चवीचा मालही लोकांनी उचलला.

दुकान मोठे होते, भाऊ वेगळे होतात, मुले नवा माल आणतात. प्रत्येकाने बापाच्याच चवीने विकावे असा आग्रह धरू नये. पण आधी दिलेला शब्द कोठे लिहिला आहे ते घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे, आणि तो मोडायची वेळ आली तर गिऱ्हाइकाला कारण सांगण्याची तयारी हवी. अमेरिकेतल्या त्या आईबापांनी रिकाम्या पाकिटाचे पैसे दिले ते चार बाहुल्या येतीलच या खात्रीने. आणि त्या आल्या.