दंतवैद्यक आणि साथीच्या काळातील शिस्त

दाढेचा ठणका साथ ओसरण्याची वाट पाहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही जागतिक महामारी असल्याचे जाहीर केले, तेव्हा दंतवैद्यांपुढे मोठा पेच उभा राहिला. रोग पसरतो नाकातोंडावाटे आणि दंतवैद्याला काम करावे लागते ते रुग्णाच्या उघड्या तोंडापासून वीतभर अंतरावर. त्यातच, दात कोरण्याचे यंत्र मिनिटाला तीन लाखांहून अधिक फेरे घेते. दात तापू नये म्हणून त्यावर पाण्याचा फवारा सोडावा लागतो. या पाण्यात लाळ व रक्त मिसळून त्याचे सूक्ष्म तुषार खोलीभर पसरतात.

सूचना आणि आचरण

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९ मे २०२० रोजी दंतवैद्यांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. रुग्णाची दूरध्वनीवरून आधी विचारपूस करावी, तातडीचे उपचारच हाती घ्यावेत, एन-९५ मुखपट्टी व चेहऱ्यावर पारदर्शक ढाल वापरावी, खोलीत हवा खेळती ठेवावी, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप होते.

अनेक देशांत या काळात दंतवैद्यांच्या पाहण्या झाल्या. सूचनांची आवश्यकता बहुतेकांना मान्य होती. आचरण मात्र त्या मानाने मागे पडले, असे त्यांतून वारंवार दिसून आले. याची कारणे केवळ बेफिकिरीत शोधणे न्यायाचे होणार नाही. एकाच खोलीत चालणाऱ्या दवाखान्यात हवा खेळती ठेवणे अवघड असते. संरक्षक साधनांचा खर्च वाढला आणि दोन रुग्णांमध्ये वेळ राखावा लागल्याने उत्पन्न घटले. शिवाय तज्ज्ञांतही एकवाक्यता नव्हती. ऑगस्ट २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, साथ आटोक्यात नसलेल्या भागांत नित्याची दंततपासणी लांबणीवर टाकावी असे सुचविले. त्यास अमेरिकन डेंटल असोसिएशनने जाहीर विरोध दर्शविला.

हातमोजे कसे रुळले?

हा प्रश्न नवा नाही. एड्स हा रोग १९८१ मध्ये निदर्शनास येण्यापूर्वी कित्येक दंतवैद्य उघड्या हातांनीच काम करीत. अमेरिकेत १९८६ साली हातमोज्यांविषयी शिफारशी झाल्या, तेव्हा बोटांची संवेदना कमी होते, खर्च वाढतो, असे आक्षेप घेण्यात आले. १९९० मध्ये फ्लॉरिडातील एका दंतवैद्याकडून रुग्णास एड्सच्या विषाणूची लागण झाली असावी, असा अहवाल प्रसिद्ध झाला आणि लोकमत खडबडून जागे झाले. परंतु भीती ओसरते. टिकते ती व्यवस्था. १९९१ च्या तेथील नियमाने संरक्षक साधने व कावीळ-ब रोगाची लस कर्मचाऱ्यांना विनामूल्य पुरविण्याची जबाबदारी मालकांवर टाकली. पुढे हातमोजे ही नित्याची सवय झाली. नियमाच्या पाठीशी साधने आणि प्रशिक्षण उभे राहिले की मनोवृत्ती बदलते, हाच यातील धडा होय.

साथ ओसरल्यानंतर

कोविडविषयक जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपुष्टात आली. काही निर्बंध त्याबरोबर गेले, हे योग्यच झाले. मात्र हात धुणे, प्रत्येक रुग्णासाठी नवे हातमोजे घालणे आणि उपकरणांचे निर्जंतुकीकरण हे नियम कोणत्याही एका साथीपुरते नाहीत. उपकरणे नुसती उकळल्याने सर्व जंतुबीजे नष्ट होत नाहीत. त्यासाठी ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालील वाफेने १२१ अंश सेल्सिअस वा त्याहून अधिक तापमान ठराविक वेळ द्यावे लागते. जैववैद्यकीय कचऱ्यासंबंधीचे २०१६ चे नियम दंतचिकित्सालयांनाही लागू असून, वापरलेल्या सुया छेद न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यातच टाकावयाच्या असतात.

शाळेत वा गावात दंततपासणी शिबिर भरविताना या गोष्टींचे भान विशेष ठेवावे लागते. रुग्ण किती तपासले, याबरोबरच उपकरणांचे निर्जंतुक संच पुरेसे होते काय, हात धुण्यास वाहते पाणी होते काय आणि कचरा कोठे गेला, याचीही नोंद व्हावयास हवी. मुख्याध्यापकांनी व पंचायत सदस्यांनी हे तीन प्रश्न शिबिरापूर्वीच आदराने विचारावेत. पाणी, वीज व जागा यांची सोय गावाने केली, तर नियम पाळणे दंतवैद्यासही सुकर होईल.