गोचिडाचा ताप

औशात पावसाळा सरता सरता तापाचे रोगी वाढले की दोन नावे हमखास कानी येतात : डेंग्यू आणि टायफॉइड. तिसरे नाव, टायफस, आपण घेतले तर समोरचा मान डोलावून म्हणतो, "तेच की, टायफॉइड." चूक त्याची नाही. टायफॉइड या शब्दाचा अर्थच मुळी 'टायफससारखा'. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या वैद्यांचाही यात गोंधळ होता. पण टायफॉइड दूषित अन्नपाण्यातून येतो आणि हा ताप गोचिडातून. दोघांची औषधेही वेगळी.

इंडियन टिक टायफस हे त्याचे वैद्यकातले नाव. पहिल्या महायुद्धाच्या काळात मेगॉ या ब्रिटिश डॉक्टरला कुमाऊँच्या डोंगरात गोचीड चावून ताप आला. भारतातली ही नोंद त्याने स्वतःच्याच आजारावरून केली. जंतू रिकेट्सिया कोनोराय. रिकेट्सिया हे नाव हॉवर्ड रिकेट्सचे. अशाच तापाचा शोध घेताना १९१० साली मेक्सिकोत टायफसनेच तो गेला.

हा जंतू पेशीच्या आत राहतो आणि सारे पुढचे रामायण तिथून घडते. बारीक रक्तवाहिन्यांचे अस्तर ही त्याची आवडती जागा. अस्तर फाटले की रक्तवाहिन्या पाझरू लागतात : पावले सुजतात, प्लेटलेट घटतात, तापाच्या दोन-चार दिवसांनी अंगावर पुरळ उठते. प्लेटलेट पाहून डेंग्यू म्हटले जाते, पुरळ पाहून गोवर. गोवराचे पुरळ चेहऱ्यावरून खाली उतरते. इथे ते बहुधा हातापायांवर आधी दिसते आणि तळहात-तळपायही सोडत नाही. सावळ्या कातडीवर ते चटकन कळत नाही, म्हणून मूल उजेडात आणून तळवे पाहावेत. उशीर झाला तर बोटे, कानांच्या पाळ्या काळ्या पडू शकतात.

पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधे, टायफॉइडसाठी नेहमी टोचले जाणारे सेफ्ट्रिॲक्सोनही, इथे उपयोगी पडत नाहीत. लागते ते डॉक्सिसायक्लिन, जुने आणि स्वस्त. वेळेवर दिले तर बहुधा दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. लहान मुलांचे दात पिवळे पडतील या धास्तीने ते टाळले जाई. पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली थोड्या दिवसांसाठी ते कोणत्याही वयात चालते, असे म्हटले. आयसीएमआरच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात : संशय असेल तर तपासणीच्या निकालासाठी थांबू नका. मात्रा अर्थातच डॉक्टरने ठरवायची.

संशय घ्यायचा कसा, यावर आपल्याकडे मोलाचे काम अकोल्यात झाले. बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी आणि सहकाऱ्यांनी २०११ साली 'इंडियन पीडियाट्रिक्स'मध्ये एक गुणतक्ता मांडला. त्यात ग्रामीण वस्ती, पाळीव जनावरे, गोचिडाशी संबंध, तळव्यांवरचे पुरळ, पावलांची सूज यांना गुण आहेत. महागडे यंत्र नसलेल्या गावातल्या डॉक्टरलाही तो वापरता येतो. मला यातले सर्वांत कमी खर्चाचे कलम गोचिडाविषयीचा प्रश्न वाटते; तो विचारायला काहीच लागत नाही, तरी विचारला क्वचितच जातो. (विदर्भात २०१८ साली गाजलेला स्क्रब टायफस याचा चुलत भाऊ, तो पसरवतो माइट नावाचा किडा. औषध मात्र तेच.)

आता गोठा. या तापाचा मुख्य वाहक कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड. मादी रक्त पिऊन खाली पडते आणि भिंतीच्या सांदीफटींत हजारो अंडी घालते. जंतू अंड्यांतून पुढच्या पिढीतही उतरतो. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर तालुक्यातल्या दगडमातीच्या भिंती घरांतून बऱ्याच गेल्या, गोठ्यांत मात्र अजून दिसतात, आणि राखणीचे कुत्रे तिथेच निजते. तेव्हा नुसत्या जनावरावर औषध मारून भागत नाही. फटी लिंपाव्या लागतात, कुत्र्याचे उपचार पशुवैद्याकडून करून घ्यावे लागतात.

अंगाला चिकटलेला गोचीड रॉकेल ओतून किंवा विडीचा चटका देऊन काढायची रीत आपल्याकडे आहे. ती सोडावी. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढावा. बोटांनी चिरडू नये. जागा साबणाने धुवावी आणि तारीख लक्षात ठेवावी. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना ती तारीख आधी सांगायची, ताप किती आहे ते नंतर.