श्वासावर चालणारं अरण्य

आभासी जगात फिरायचं म्हणजे हातात कंट्रोलर धरायचा आणि बटणं दाबायची, हे आता अनेकांच्या अंगवळणी पडलंय. कॅनडाच्या चित्रकार शार डेव्हिस यांनी १९९५ साली माँट्रियलमध्ये मांडलेल्या ‘ऑस्मोस’ या आभासी कलाकृतीत मात्र हातांना कामच नव्हतं. तिथं श्वासानं फिरायचं होतं.

डोळ्यांवर हेडसेट आणि अंगात सेन्सर लावलेलं जाकीट, एवढा जामानिमा. श्वास घेताना छाती किती फुगली, सोडताना किती आकसली आणि पाठीचा कणा कोणत्या बाजूला झुकला, हे जाकीट मोजायचं. ते आकडे सिलिकॉन ग्राफिक्सच्या ऑनिक्स संगणकाकडे जात. छाती फुगली की वर, आकसली की खाली, पुढं झुकलं की पुढं. डोकं कुठं वळलंय ते हेडसेटवरून कळे आणि संगणक त्या जागेवरून दिसणारं दृश्य दोन्ही डोळ्यांसाठी वेगवेगळं, सतत नव्यानं रेखाटत राही.

ही कल्पना डेव्हिस यांना पाण्याखाली सुचली. त्या स्कूबा डायव्हिंग करत. फुप्फुसं भरली की शरीराचं आकारमान वाढतं, जास्त पाणी बाजूला सरतं आणि माणूस अलगद वर उचलला जातो. श्वास सोडला की खाली जातो. तारकर्लीला स्कूबा केलेल्यांना हे चटकन पटेल. बटण कितीही घाईनं दाबता येतं, श्वासाचं तसं नाही. धापा टाकणारा वरखाली हेलकावतच राहणार. मला या कलाकृतीचं खरं मर्म इथंच दिसतं: नीट पाहायचं तर आधी शांत व्हावं लागतं.

सुरुवातीला नुसत्या रेषांची त्रिमिती जाळी दिसते. श्वासाचा सराव तिथंच होतो. मग जाळी विरते आणि जंगलातली मोकळी जागा उलगडते. पुढं झाड, तळं, जमिनीखालचा थर. पानाच्याही आत शिरता येतं. अगदी तळाशी कलाकृतीच्याच सॉफ्टवेअरच्या ओळी आहेत, तर सगळ्यात वर निसर्ग, शरीर आणि तंत्रज्ञान यांवरचे उतारे.

इथली झाडं अर्धपारदर्शक आहेत, त्यांना टणक कडा नाहीत. डेव्हिस यांची नजर फार अधू होती आणि चष्म्याविना दिसणारं धूसर, एकमेकांत मिसळलेलं जग त्यांनी आधी चित्रांतून न्याहाळलं होतं. संगणकासाठी असं पारदर्शक चित्र जड. भक्कम भिंत रेखाटली की तिच्यामागचं काही रेखाटावं लागत नाही. पारदर्शक पानामागचं मात्र सगळं रेखाटावं लागतं. आवाजही बघणाऱ्याच्या हालचालीनुसार बदलत, आणि ते सगळे एका पुरुषाच्या व एका स्त्रीच्या आवाजातून घडवलेले होते.

एका वेळी एकालाच आत जाता येई, साधारण पंधरा मिनिटं. बाकीचे अंधाऱ्या दालनात बसून त्याला दिसणारं दृश्य मोठ्या पडद्यावर पाहत. दुसऱ्या पडद्यावर त्याची सावली श्वासागणिक हलताना दिसे.

१९९८ च्या ‘एफेमेर’मध्येही डेव्हिस यांनी श्वास आणि तोल हीच साधनं ठेवली, आणि त्यांच्या जोडीला नजर आणली. तिथल्या बियांकडे बराच वेळ पाहत राहिलं तरच त्या रुजतात.